पहिली बादली

मधुकरराव प्रधानांनी पाण्याच्या खात्यात एकतीस वर्षं काढली, पण त्या एकतीस वर्षांत फिल्डवरच्या पाण्याचा एक घोटसुद्धा घेतला नाही. ही काही प्रतिज्ञा वगैरे नव्हती. खात्यात सगळ्यांचीच ती रीत होती. नोकरीच्या पहिल्या दिवशी काशीराम नावाच्या सीनियरने त्यांच्या खांद्यावर नमुने ठेवायचा बर्फाचा डबा अडकवला आणि सांगितलं, "लोकांकडे चहा प्यायचा, बिनधास्त. चहा उकळलेला असतो. पाणी प्यायचं नाही. नमुने घेणाऱ्यालाच कावीळ झाली तर खात्याची अब्रू जाते." सगळे हसले. मधुकररावही हसले आणि दुसऱ्या दिवसापासून घरून बाटली नेऊ लागले. आधी प्लॅस्टिकची होती, मग त्यांच्या बायकोने, शुभाने, स्टीलची घेऊन दिली. त्यात मुलुंडच्या घरचं पाणी असायचं, फिल्टरमधून काढलेलं आणि वर उकळलेलं. खात्री दोनदा केलेली बरी, असं शुभाचं म्हणणं.

आता बघा, लोकांचं पाणी पिण्यालायक आहे की नाही हे तपासायचा ज्याला पगार मिळतो, तो स्वतः लोकांचं पाणी पीत नाही, यात काहीतरी चुकतंय हे एकतीस वर्षांत एकदा तरी कोणाच्या डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही. सवय लागली की माणूस स्वतःच्याच वागण्याकडे बघायचं सोडून देतो, आणि मधुकरराव तर सवयीचे फार पक्के.

त्यांच्याकडे घाटकोपरच्या टेकडीचा भाग होता. तिथल्या करुणानगरात चार गल्ल्या, त्यातली चौथी सगळ्यात वरची. तिच्या तोंडाशी शिवदासचं किराणा दुकान, तिथून पुढे एकशे दहा पायऱ्या, आणि पायऱ्या संपतात तिथे राधाबाई इंगळेंचं घर. गल्लीतलं शेवटचं घर, म्हणून पाइपाचं शेवटचं टोक, म्हणून नमुन्यासाठी तेच ठरलेलं. राधाबाई मूळच्या बुलढाण्याकडच्या. नवरा लवकर गेला. त्यांनी बचत गटातल्या बायकांबरोबर शाळेची खिचडी शिजवून मुलाला, प्रबुद्धला, वाढवलं, आयटीआयला घातलं आणि मरोळच्या एका कंपनीत लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लावलं. खिचडीच्या मोठ्या पातेल्याशी त्यांचा हात असा बसला होता की दोनशे पोरांचं मीठ त्या मुठीने टाकायच्या आणि कधी चुकायच्या नाहीत.

पाणी दुपारी सव्वातीनला यायचं आणि पावणेचारला जायचं. जोर एवढा कमी की नळ जमिनीखाली दीड फुटाच्या खड्ड्यात घेतलेला. खालच्या घरांनी मोटारी लावलेल्या, त्यामुळे वर उरलंसुरलं पोचायचं. नळ सोडला की आधी नुसती हवा फुसफुसायची. मग गढूळ, किंचित वास मारणारं पाणी यायचं, आणि सात-आठ मिनिटांनी ते नितळ व्हायचं. पाइप गटाराला खेटून वर चढत होता. पाणी गेलं की तो रिकामा, आणि रिकाम्या पाइपाला कुठे बारीकसं भोक असलं तरी बाहेरचं आत यायला तेवढं पुरतं. हे मधुकररावांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांना ते दिसत होतं आणि वासही येत होता.

पण नमुना घ्यायचा नियम असा आहे की नळ आधी वाहू द्यायचा, त्याचं तोंड स्पिरिटच्या बोळ्याने शेकायचं आणि मगच बाटली धरायची. नळाच्या तोंडाची घाण नमुन्यात येऊ नये, म्हणून. नियम चांगला आहे. त्यात तीन मिनिटं लिहिली आहेत. राधाबाईंच्या नळाला मात्र मधुकरराव आठ मिनिटं द्यायचे. पाणी नितळ झालं की बाटली भरायची, दुसऱ्या नळीत थोडं पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे अशी नोंद करायची, आणि उतरायला लागायचं. नमुना नापास झाला तर तीन फॉर्म भरा, इंजिनियरला फोन करा, आणि तीन दिवसांनी पुन्हा त्या एकशे दहा पायऱ्या चढा. पंचावन्नच्या पुढे माणूस गुडघे सांगतील तसा वागतो. आपण कोणाला फसवतोय असं त्यांना एकदाही वाटलं नाही. आधी येतं ते पाइपात तुंबलेलं, नंतर येतं ते खरं पाणी, असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं, आणि स्वतःला समजावण्यात माणसाला फारसा वेळ लागत नाही.

राधाबाई मात्र पहिल्या थेंबापासून बादली लावायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "साहेब, ही पहिली बादली घ्या की तुमच्या बाटलीत. आमच्या घरात ही पण असतेच."

"नियमात बसत नाही, ताई. नळ वाहू द्यावा लागतो."

"तुम्हाला येतो वाहू देता. आम्ही सोडलं तर संध्याकाळी काय करायचं?"

"पहिली बादली धुण्याभांड्याला ठेवा."

"ठेवते ना. पण ज्या दिवशी दोनच बादल्या येतात, त्या दिवशी?"

या प्रश्नाला फॉर्मवर रकाना नव्हता. मधुकररावांनी बर्फाचा डबा बंद केला आणि उठले.

पाण्याची गोष्ट निघाली आहे तर अजून एक सांगायला हवं. पहिल्यांदा ते त्या घरी गेले तेव्हा घामाने निथळत होते. राधाबाईंनी तांब्या आणि वर पेला आणला. घासून लख्ख केलेला तांब्या. मधुकररावांनी हात जोडले. "नको, नको. माझ्याकडे आहे," असं म्हणून त्यांनी पिशवीतून बाटली काढली आणि तिथेच उभ्या उभ्या दोन घोट घेतले. खरंच आहे हे बाईंना दिसावं, म्हणून. राधाबाईंनी तांब्या आत नेला. पुढच्या पाच वर्षांत त्यांनी पुन्हा कधी पाणी विचारलं नाही आणि चहाही विचारला नाही. मधुकररावांना त्याचं जरा नवल वाटायचं. खाली शिवदासच्या दुकानात बसलं की न सांगता चहा यायचा, दोन नंबरच्या गल्लीत कमिटीच्या ऑफिसात यायचा, हेच एक घर कोरडं. बाई जरा तुसडी दिसते, असं मनाशी ठरवून त्यांनी तो विषय संपवला.

मग प्रबुद्धचं लग्न झालं आणि सपना आली. बारावी झालेली, टिटवाळ्याची, प्रश्न विचारणारी पोरगी. औषधाचे थेंब कसले, रंग पिवळाच का, आला नाही तर काय, असं सगळं तिने खड्ड्याशी उकिडवं बसून विचारून घेतलं. मधुकररावांनीही खुशीत येऊन सांगितलं. कामाबद्दल इतक्या आस्थेने त्यांच्या घरातही कोणी विचारलं नव्हतं. कधी कधी ती त्यांच्या स्टीलच्या बाटलीकडे टक लावून बघायची. बाटली आवडली असेल, असं त्यांना वाटलं.

अडीच वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये चार नंबरच्या गल्लीत कावीळ आली. वरच्या पाच घरांत सात माणसं. सहा जण पडून राहून, पथ्य करून बरे झाले. सातवी सपना. तिला आठवा महिना होता. पोटुशी बाईला ही पाण्यातून येणारी कावीळ झाली तर कसा घात करते हे डॉक्टरांनी प्रबुद्धला सांगितलं, तोवर ती बरळायला लागली होती. मुलगी जन्मली, वीतभर, पण जगली. सपना तिसऱ्या दिवशी गेली.

चौकशी झाली. साहेबांनी मधुकररावांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, "प्रधान, तिथले मागचे पाचही नमुने योग्य आहेत. नीट घेतले होते ना?"

"नियमानेच घेतले, सर."

"मग घरातल्या साठ्याचा नमुना घ्या."

तो घ्यायलाही मधुकररावच गेले. सपनाला जाऊन चार दिवस झाले होते. भिंतीला टेकवून तिचा फोटो ठेवलेला, समोर मेणबत्ती, बायका बसलेल्या. निळ्या पिंपाशी वाकून त्यांनी बाटली बुडवली, बुच लावलं, नंबर टाकला. राधाबाई बघत होत्या. जाताना मधुकररावांना वाटलं, काहीतरी बोलावं. काय बोलायचं ते सुचलं नाही, म्हणून त्यांनी पिंपाचं झाकण नीट बसवलं.

पिंपातलं पाणी नापास झालं. होणारच होतं, त्यात पहिल्या बादल्या होत्या. अहवालात लिहिलं गेलं की नळाचं पाणी पिण्यास योग्य असून दोष कुटुंबाच्या साठवणुकीतील निष्काळजीपणाचा आहे. खाली चार सह्या झाल्या, तिसरी मधुकररावांची. मग आरोग्याची माणसं गल्लीत आली, पाणी उकळून प्या, पिंप झाकून ठेवा, डावाला दांडा हवा, असं सगळं समजावून गेली. सांगितलं ते एकूणएक खरं होतं. फक्त पिंप कसं नसावं हे दाखवायला त्यांनी राधाबाईंचं पिंप बाहेर आणलं होतं.

त्यानंतर काय काय झालं ते मधुकररावांना शिवदासच्या दुकानात तुकड्यातुकड्याने कळत गेलं. बचत गटाने राधाबाईंना खिचडीवरून काढलं. जिच्या पिंपाने सून गेली तिच्या हातचं पोरांना कसं द्यायचं, असं कोणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी मान डोलावली. प्रबुद्ध आईला एवढंच बोलला की, "एवढं तरी बघायचं होतंस ना गं." पुढे तो मुलीला घेऊन टिटवाळ्याला सासूकडे राहायला गेला. महिन्यातून एका रविवारी येतो, तासभर बसतो. येताना स्वतःच्या पाण्याची बाटली घेऊन येतो.

हे शेवटचं ऐकलं तेव्हा मधुकररावांच्या हातात चहाचा ग्लास होता. तो त्यांनी तसाच खाली ठेवला. पण वर काही गेले नाहीत. पुढच्या महिन्यापासून त्यांनी चार नंबरचा नमुना दुसऱ्या घरातून घ्यायला सुरुवात केली, आणि मग रिटायर झाले. शाल, श्रीफळ, घड्याळ. भाषणात कोणीतरी म्हणालं, प्रधानांचा एकही नमुना कधी वादात सापडला नाही.

रिटायर होऊन आठ महिने झाल्यावर प्रयोगशाळेतल्या सुबोधचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "अरे हां, तुमच्या करुणानगरात पाइपलाइन बदलली, कळलं का? चार नंबरचा जुना पाइप काढला. वाट लागली होती यार त्याची. वरच्या टोकाला बोट जाईल एवढं भोक, आणि ते बरोबर गटारात. लोक पीत काय होते कोण जाणे."

"पहिलं पाणी," मधुकरराव म्हणाले.

"काय?"

"काही नाही."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. शुभाला त्यांनी सगळं सांगितलं. आठ मिनिटांचं सांगितलं, जे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. हे त्या बाईला जाऊन सांगतो, असंही म्हणाले. शुभा म्हणाली, "आता जाऊन काय होणार आहे? ती परत येणारे का?"

"ती नाही. पण त्या बाईच्या डोक्यावरचं तरी उतरेल. तिचा मुलगा तिच्या घरचं पाणी पीत नाही गं."

"मग रविवारी जा," शुभा म्हणाली. "त्या मुलालाही सुट्टी असेल." आणि रविवारी सकाळी तिने नेहमीसारखी बाटली भरून पिशवीत ठेवली.

पायऱ्या चढताना मधुकरराव चार ठिकाणी थांबले. भिंतीच्या वरच्या बाजूने नवा निळा पाइप गेलेला, गटारापासून चांगला हातभर दूर. एवढंच तर करायचं होतं, त्यांच्या मनात आलं. एका नापास बाटलीने हे झालं असतं. एकदा, फक्त एकदा, पहिली बादली घेतली असती तर. गुडघे दुखत होते आणि त्यांना पहिल्यांदाच गुडघ्यांचा राग आला.

राधाबाईंनी दार उघडलं, पण बर्फाच्या डब्याशिवाय त्यांना ओळखायला क्षणभर वेळ लागला. "साहेब तुम्ही? या." खुर्ची पुसून दिली. घर तसंच होतं, बाबासाहेबांच्या फोटोशेजारी सपनाचा फोटो आता खिळ्यावर आला होता. पिंप दिसत नव्हतं. त्याच्या जागी तीन छोटे स्टीलचे डबे, झाकणं घट्ट लावलेली, आणि खिळ्याला लांब दांड्याचा डाव.

मधुकररावांनी घोळवत न बसता सांगायचं ठरवलं होतं. तसंच सांगितलं. "ताई, तुमच्या पिंपाचा दोष नव्हता. पाइप फुटलेला होता. गटारातलं पाणी पाइपात येत होतं. पिंप कितीही स्वच्छ असतं तरी तेच झालं असतं."

राधाबाई खाली बसल्या. "कोणी सांगितलं?"

"जुना पाइप काढला तेव्हा सापडलं. पण मला पाइप फुटलाय हे माहीत नव्हतं. पहिलं पाणी खराब येतंय हे माहीत होतं. ते जाईपर्यंत मी आठ मिनिटं थांबायचो. नमुना पास व्हावा म्हणून. तुम्ही मला म्हणाला होतात, पहिली बादली घ्या. मी घेतली नाही. अहवालावर सही मी केली. चूक माझी आहे, तुमची नाही. एवढं सांगायला आलो."

खाली कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या झाल्या. राधाबाई फोटोकडे बघत होत्या. रडतील, शिव्या देतील, हाकलतील, या सगळ्याची मधुकररावांनी तयारी केली होती. राधाबाईंनी यातलं काहीच केलं नाही. त्यांचं लक्ष मधुकररावांच्या पिशवीकडे गेलं, जिच्यातून स्टीलच्या बाटलीचं झाकण डोकावत होतं.

"एक विचारू, साहेब? राग नका मानू."

"विचारा ना."

"तुम्ही आमच्याकडचं पाणी का नव्हता घेत?"

मधुकररावांना आधी प्रश्नच कळला नाही. "मी कुठेच घेत नाही, ताई. आमच्या खात्यात कोणीच घेत नाही."

"का?"

"फिल्डवरच्या पाण्याची खात्री नसते."

बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं.

"म्हणजे पाण्यामुळे," राधाबाई सावकाश म्हणाल्या. "आमच्यामुळे नाही."

आता कुठे मधुकररावांना तो घासलेला तांब्या आठवला, आणि पाच वर्षांचं कोरडं घर, आणि शिवदासकडचा चहा. "नाही हो, ताई. तसलं काही माझ्या मनातसुद्धा नव्हतं. शपथेवर सांगतो." आणि लाजिरवाणी गोष्ट अशी की त्या घडीला त्यांना थोडं हलकं वाटलं. निदान हा एक डाग तरी आपल्यावर नाही, असं.

"मी तेच समजले," राधाबाई म्हणाल्या. "खाली दुकानात चहा पिताना दिसायचात. आमच्या दारात आलं की बाटली काढायचात. पाणी नाकारणारी माणसं आम्ही लहानपणापासून ओळखतो साहेब, मला त्याचं काही नवीन नव्हतं. सपना नवी होती. तिने मला विचारलं, आई, हे साहेब पाणी घरून का आणतात? इथलं खराब असेल का? आपण उकळून पिऊ या का?"

मधुकररावांनी डोळे मिटले.

"मी म्हटलं, पाण्यात काही नाही गं. त्यांना आपल्या हातचं चालत नाही, म्हणून आणतात. तू नको मनाला लावून घेऊ. गॅस कशाला जाळतेस." राधाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "तिला वाईट वाटू नये म्हणून वर असंही म्हटलं, की पाणी चांगलं आहे, त्यांनीच तर तपासलंय. तिने बरोबर ओळखलं होतं, साहेब. बारावी शिकलेली होती ती. मी तिला गप्प केलं."

बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला म्हणून मधुकरराव आले होते आणि त्याहून जड दुसरं ठेवून बसले होते. भोक पडलेला पाइप बदलता आला होता, अहवालही एक वेळ बदलता येईल. सासूने सुनेला दिलेलं ते उत्तर आता कोणत्या खात्याकडे नेऊन दुरुस्त करायचं? आणि त्या उत्तरात त्यांची बाटली होती, शुभाने घेऊन दिलेली, दोनदा खात्री केलेल्या पाण्याची.

"त्या दिवशी नुसतं बोलला असतात," राधाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "ताई, मी हे पाणी पीत नाही, तुम्हीपण उकळून प्या. एवढंच. मी उकळलं असतं. साहेब सांगतात म्हटल्यावर दोन वेळा उकळलं असतं."

"हो," मधुकरराव म्हणाले. त्यांच्या घशाला कोरड पडली होती. पिशवीतल्या बाटलीला हात लावायची हिंमत त्यांना होईना. शेवटी ते कसंबसं म्हणाले, "ताई, थोडं पाणी द्याल का?"

राधाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग उठल्या, डब्यातून डावाने पाणी काढलं, पातेल्यात घातलं आणि गॅस पेटवला. "आता मी कोणालाच न उकळता देत नाही," त्या म्हणाल्या. "आजचं उकळायचं राहिलंय. उकळून निवेपर्यंत वेळ लागेल."

"असू दे."

"तोवर प्रबुद्धला फोन लावा. माझ्या फोनवरनं लावा, तुमचा नंबर उचलणार नाही तो. मला सांगितलंत ते सगळं त्याला सांगा. पाइपाचं सांगा, आठ मिनिटांचं सांगा, सहीचं सांगा." नंबर लावून फोन त्यांच्या हातात देता देता त्या थांबल्या. "पाणी का पीत नव्हता, ते नका सांगू."

"का?"

"सपनाने मला विचारलं होतं हे त्याला माहीत नाही. ते माझ्याजवळच राहू दे."

प्रबुद्धने फोन उचलला. मधुकररावांनी सगळं सांगितलं, दुसऱ्यांदा सांगताना ते सोपं गेलं नाही. तो म्हणाला, "काका, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना की पाणी खराब येतंय?"

"हो."

"मग अडीच वर्षं काय करत होता?"

"धीर झाला नाही."

"मी माझ्या आईकडे बाटली घेऊन जातो," प्रबुद्ध म्हणाला. त्याचा आवाज फाटला होता. "तिच्यासमोर बसून माझ्या बाटलीतलं पाणी पितो मी, काका. कळतंय का तुम्हाला?"

मधुकररावांना कळत होतं. या जगात दुसऱ्या कोणाला कळलं नसतं एवढं त्यांना कळत होतं.

"आईला द्या फोन."

राधाबाई फोन घेऊन दाराशी गेल्या. आधी त्या नुसतं हं, हं करत होत्या. मग म्हणाल्या, "रडतोस काय वेड्या, झालं ते झालं." मग त्यांचा आवाज एकदम बदलला, कारण पलीकडे नात आली होती, आणि ती आज काय जेवली, वरणभात की खिचडी, हे त्यांना सविस्तर जाणून घ्यायचं होतं. "मी येऊ का तिकडं? का तू येतेस? तू ये. तुला मी खिचडी करीन. मुठीनं मीठ टाकून."

पातेल्यातलं पाणी केव्हाच खळाखळा उकळायला लागलं होतं. राधाबाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. मधुकरराव उठले, गॅस बंद केला, पातेल्यावर ताटली ठेवली. ताटली नीट बसली आहे ना, ते त्यांनी दोनदा बघितलं. मग पिशवी उचलली आणि चपला घातल्या. ते दारातून बाहेर पडत असताना राधाबाईंनी त्यांना वाट करून दिली, फोन कानाला तसाच धरून.

पाणी निवायला तास लागला असता. त्यांना थांबा असं कोणी म्हटलं नाही.